पाटीवरून आडनाव गेलं, पुढे काय?

मार्च २०२५मध्ये बीड जिल्ह्यातल्या पोलिसांच्या छातीवर आणि टेबलांवर नव्या नावपट्ट्या आल्या. त्यांवर फक्त नाव, आडनाव गायब. त्याआधी जानेवारीतच पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी परिपत्रक काढून सहकाऱ्यांना आडनावाऐवजी पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं होतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. डिसेंबर २०२४मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि लोकसभा निवडणुकीपासून ताणलेलं जिल्ह्याचं जातीय वातावरण तुटायला आलं. पोलीस दलात कुठल्या आडनावाचे किती, याच्या याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या. तक्रार घेऊन आलेला माणूस आधी साहेबाची पाटी वाचणार आणि मग किती बोलायचं ते ठरवणार, अशी ती अवस्था.

पट्टी एका दिवसात बदलते. हाक बदलायला वेळ लागतो. मराठी कचेरीतला आदर आडनावावर उभा असतो: देशमुख साहेब, मुंडे साहेब, शेख साहेब, कांबळे मॅडम. नुसत्या नावाने हाक मारायची ती धाकट्याला, मित्राला, नाहीतर चहा घेऊन येणाऱ्या पोराला. तेव्हा हवालदाराने निरीक्षकाला ‘गणेश साहेब’ म्हणायचं तर जीभ अडखळणारच. यावर विनोद सुचणं सोपं आहे, आणि ‘आडनाव झाकलं म्हणून जात झाकते का’ हा प्रश्नही रास्त आहे. पण अशा परिपत्रकांची जगभरची कहाणी पाहिली तर त्यांना हसण्यावारी नेता येत नाही.

स्वीडनमध्ये साठ वर्षांपूर्वीपर्यंत अनोळखी किंवा वरिष्ठ माणसाशी थेट बोलणंच असभ्य समजलं जाई. समोरच्याला त्याच्या हुद्द्याने, तेही जणू तो तिथे नाहीच अशा थाटात, संबोधायचं: ‘संचालक महोदय कॉफी घेतील का?’ १९६७मध्ये ब्रूर रेक्सेड हे तिथल्या वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख झाले आणि रुजू होतानाच त्यांनी जाहीर केलं की आपण सगळ्या कर्मचाऱ्यांशी एकेरीत बोलू आणि त्यांनीही आपल्याला एकेरीतच हाक मारावी. काही वर्षांत जवळजवळ अख्खा देश अरे-तुरेवर आला. अर्थात एका साहेबाच्या इच्छेने देश बदलत नसतो. समतेची हवा आधीच तयार होती, लोक अवघडून नवी रीत शोधत होते, कुणीतरी वरच्या माणसाने सुरुवात करण्याची वाट पाहत होते. बीडमध्ये हवा नेमकी उलटी आहे, आणि म्हणूनच इथलं परिपत्रक जास्त धाडसाचं आणि जास्त नाजूकही.

जवळचं उदाहरण तमिळनाडूचं. १९२९मध्ये चेंगलपट्टू इथे भरलेल्या आत्मसन्मान परिषदेने नावापुढची जातदर्शक उपपदं टाकून देण्याचं आवाहन केलं. पेरियार रामस्वामींनी स्वतःचं ‘नायकर’ टाकलं. पुढे दोन पिढ्यांत तिथे नावापुढे जात लावणं लाजिरवाणं होऊन बसलं. माणूस वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतो आणि पुढे जातो. मग तमिळनाडूतून जात गेली का? दक्षिणेकडच्या काही जिल्ह्यांत शाळकरी मुलं मनगटावर रंगीत दोरे बांधून आपली जात दाखवू लागली. २०२४मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीला शाळांमधल्या या दोऱ्यांवर, अंगठ्यांवर आणि कपाळावरच्या खुणांवर बंदी घाला, अशी शिफारस करावी लागली. नावातून हुसकलेली जात मनगटावर येऊन बसली होती. तरीही नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीचा तो निर्णय वाया गेला असं म्हणता येत नाही. तिथल्या सरकारी कचेरीत आज टेबलावरची पाटी वाचून साहेबाची जात कळत नाही. बीडला सध्या एवढंच हवं आहे.

मराठवाड्याला आडनावाविना ओळख परकीही नाही. इथल्या जुन्या सातबारावर आणि मतदारयाद्यांवर नजर टाकली तर ‘नामदेव पि. रामा’, ‘सुमनबाई भ्र. बाबुराव’ अशा नोंदी दिसतात. ‘पि.’ म्हणजे पिता, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. बीड १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि महसुली कागदावर माणूस ओळखला जाई तो बापाच्या नावाने. बाई नवऱ्याच्या नावाने. आइसलँडमध्ये आजही जवळजवळ हीच तऱ्हा आहे. तिथे बहुतेकांना आडनाव नसतंच, वडिलांच्या किंवा आईच्या नावाला ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ जोडायचं, आणि देशाच्या अध्यक्षालाही पहिल्या नावानेच हाक मारायची. महाराष्ट्र सरकारनेही मार्च २०२४मध्ये ठरवलं की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी नोंद होईल. ज्या भागात बाई कागदावर ‘भ्र.’ म्हणूनच उमटायची तिथे हा बदल लहान नाही, आणि त्यावर दंगाही झाला नाही. सगळेच बदल भांडून होतात असं नाही, हे नोंदवायला हवं. कारण मराठवाड्याने नावासाठी रक्तही पाहिलं आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८चा, प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधल्या सोळा वर्षांत किती घरं जळाली ते इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

तमिळनाडूत मनगटावर दोरा आला, तसं बीडमध्ये काय आलंय? उत्तर शोधायला लांब जायला नको. एसटी स्टँडवर उभं राहून दोन माणसं भेटताना काय म्हणतात तेवढं ऐकावं.

गावगाड्यात कोणी कोणाला काय म्हणायचं हे ठरलेलं होतं. बरोबरीचे ‘रामराम’ घालत. महाराने पाटलासमोर ‘जोहार’ घालायचा. ‘रामराम’ म्हणण्याची बरोबरी त्याला नव्हती. विदर्भातल्या कामठीच्या बाबू हरदासांनी १९३०च्या दशकात ‘जय भीम’चा पुकारा सुरू केला आणि तो वाकलेल्या मानेवरचा थेट उपाय ठरला. एका अभिवादनाने एवढं काम केल्याची उदाहरणं कमीच. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधले क्वेकर पंथाचे लोक थोडेसे जवळ येतात: कोणाहीपुढे टोपी काढायची नाही, राजापुढेही नाही, या हट्टापायी त्यांनी दंड भरले आणि तुरुंगवास सोसला. १६७०मध्ये त्यांच्यातल्याच विल्यम पेनला लंडनच्या न्यायालयात डोक्यावरच्या टोपीवरूनच दंड झाला होता.

पण ‘जय भीम’नंतर बाकीच्यांनीही आपापलं काही शोधलं. आज बीड जिल्ह्यात ‘रामराम’ आणि वारकऱ्यांचं ‘राम कृष्ण हरी’ ऐकू येतं तसंच ‘जय जिजाऊ’, ‘जय भगवान’, ‘जय मल्हार’ही ऐकू येतं, आणि फोन उचलल्याबरोबर कानावर पडलेल्या दोन शब्दांत पलीकडच्याची जात नाही, तर निदान बाजू तरी कळते. गाडीच्या मागच्या काचेवरही तेच, मोबाइलच्या स्टेटसवरही तेच. ‘जोहार’ लादलेला होता, ही अभिवादनं हौसेची आहेत. हा फरक मोठा आहे आणि तो विसरू नये. ज्याला कालपर्यंत मान खाली घालायला लावली त्याच्या ‘जय भीम’ला आणि ज्याच्या हाती गावच होतं त्याच्या नव्या जयघोषाला एका तागडीत तोलणं अन्यायाचं होईल. तरी एक गोष्ट उरतेच. तीस-चाळीस वर्षांपूर्वी या जिल्ह्यात एका अभिवादनात जितकी माणसं मावत होती तितकी आता मावत नाहीत. आधुनिकता आली की जुन्या खुणा पुसट होतात, हा शहरी वाचकांचा आवडता समज इथे टिकत नाही. शिक्षण वाढलं, रस्ते आले, प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि खुणा गडद झाल्या.

चालीरीतींचं असंच असतं. त्या सरळ रेषेत चालत नाहीत. काही तर मुद्दाम उलट्या चालतात. त्याच केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. मराठी माणसाच्या घरात जावयाचा मान काय असतो हे सांगायला नको. त्यातून अधिक महिना आला, जसा २०२३च्या श्रावणात आला होता, की जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे, चांदीचं काहीतरी आणि वर कपडे. याच मराठवाड्यात विड्याचे लोक धुळवडीला जावयाला गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात, रंग फासतात आणि वाजतगाजत गावभर फिरवून हनुमानाच्या देवळापाशी आणतात. तिथे त्याला नवे कपडे मिळतात. ही प्रथा ऐंशी-नव्वद वर्षांची. गावातल्या एका प्रतिष्ठित घरच्या जावयापासून ती सुरू झाली असं गावकरी सांगतात. होळी जवळ आली की गावातले जावई पसार होतात आणि तरुण पोरं आदल्या दिवसापासून पाळत ठेवून एकाला गाठतातच.

बाहेरून पाहणाऱ्याला हा अपमान वाटेल. रॅडक्लिफ-ब्राऊन या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९४०मध्ये अशा नात्यांवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की लग्नाने जोडलेली माणसं एकाच वेळी जवळचीही असतात आणि परकीही. या अवघड जागी भांडण होऊ नये म्हणून समाज दोन युक्त्या करतो. एक, अतिरेकी आदर आणि अंतर. दुसरी, ठरवून केलेली थट्टा, जिचा राग मानायचा नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. जगात कुठे सासूसमोर जावयाने तोंड दाखवायचं नसतं, तर कुठे मेव्हण्याने त्याला वाट्टेल ते बोलायचं असतं. विड्याच्या लोकांनी दोन्ही युक्त्या वापरल्या: वर्षभर पहिली, एक दिवस दुसरी. आणि गाढवावर बसलेला जावई कपडे घेऊन हसत घरी जातो, कारण उद्यापासून तो पुन्हा जावईबापू असतो.

हरियाणातल्या एखाद्या जाटाला मात्र याहून मोठा धक्का बीडमधल्या लग्नपत्रिकेने बसेल. तिकडे लग्न जमवताना स्वतःचं, आईचं, आजीचं गोत्र टाळतात, आणि मुलीच्या सासरच्या घरी तिच्या आईवडिलांनी पाणीही प्यायचं नाही अशी रीत होती. इकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची नवरी. इरावती कर्वे यांनी १९५३च्या नातेसंबंधांवरच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हटलं ते याचसाठी: मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र बहुतेक जातींत टाळतात. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यालाही एवढ्या वैविध्यापुढे मान तुकवावी लागली. जवळच्या नात्यातलं लग्न निषिद्ध, पण रूढी असेल तर चालेल, अशी पळवाट त्यात ठेवलेली आहे. जे एका गावात पाप, ते पाचशे कोसांवर पसंतीचं स्थळ.

पण विनोद इथेच संपतो, कारण लग्नाला लागून पैसा येतो.

बीडमधल्या कुठल्याही लग्नाच्या मांडवात हुंड्याचा विषय काढला तर ‘पूर्वीपासून चालत आलंय’ हे वाक्य हमखास ऐकू येईल. ते खोटं आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शेतकरी आणि कष्टकरी जातींत मुलीच्या बापाला ‘देज’ मिळत असे. रानात राबणारे दोन हात एका घरातून दुसऱ्या घरात जात होते आणि त्याची भरपाई मुलाकडचे करत. विधवेचा पाट लावणं हीही या जातींत मान्य गोष्ट होती. मग शिक्षण आलं, मास्तरकी आली, साखर कारखान्यात नोकरी आली. नोकरदार मुलगा दुर्मीळ झाला आणि त्याचा भाव ठरू लागला. त्याच ओघात वरच्या जातींचं अनुकरण प्रतिष्ठेचं झालं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२मध्ये याला संस्कृतीकरण म्हटलं. देज घेणं हलकं ठरलं, पाट बंद पडला, हुंडा घरंदाजपणाची खूण झाला. ज्या सुधारणेसाठी ब्राह्मण समाजातले सुधारक १८५६च्या पुनर्विवाह कायद्यापासून झगडत होते, ती ज्यांच्याकडे आधीच होती त्यांनी ती वर चढण्याच्या नादात टाकून दिली. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. मराठवाड्यात हुंडा बोकाळला तो बराचसा त्यानंतर, आणि कायद्याच्या भीतीने फक्त शब्द बदलले: मानपान, पोरीच्या नावावर, ‘दोन्हीकडचं लग्न करून द्या’.

आता पैशाने पुन्हा दिशा बदलायला सुरुवात केली आहे. २००१च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११मध्ये त्या ८०७ उरल्या. महाराष्ट्रात हा सर्वांत वाईट आकडा होता. त्या वेळची ती बाळं आता विशीच्या उंबरठ्यावर आहेत. हुंड्याच्या धाकाने मुली जन्मूच दिल्या नाहीत आणि त्या टाळलेल्या मुलींची जागा आता मांडवात रिकामी आहे. ‘आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या’ असं म्हणणारे, उलट दोन्हीकडचा खर्च उचलणारे, मध्यस्थाला पैसे मोजणारे आणि कधी फसणारे वरपिते गावोगाव आहेत. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेल्या, घोड्यावर बसलेल्या तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मागणी होती लिंगनिदानबंदीचा कायदा नीट राबवण्याची. लोक हसले. हसण्यासारखंच दृश्य होतं, पण मागणी मात्र अगदी नेमकी होती. देज, हुंडा आणि पुन्हा देजासारखंच काहीतरी: तीन-चार पिढ्यांत पैसा जाऊन परतही आला आणि प्रत्येक टप्प्यावर लोक ‘हीच आपली रीत’ म्हणत राहिले.

मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, असं अर्थशास्त्राचं साधं गणित मांडणाऱ्यांनी बीडमध्ये येऊन पाहावं. किंमत वाढली ती लवकर लग्न होण्यात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांतल्या बीडमधल्या सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्यात हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास. याला नुसतं अज्ञान म्हणणं म्हणजे शहरातून केलेली टवाळी झाली. दसरा-दिवाळीनंतर इथली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ असतो. उचल त्या हिशेबाने मिळते. एकट्या पोराचा अर्धा कोयता. त्याचं लग्न झालं की तो पुरा होतो. दुसऱ्या बाजूला, वयात आलेली मुलगी पाच-सहा महिने म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर गावात ठेवायची कशी, ही आईबापाची भीती. दोन्ही घरांची सोय एकाच मांडवात होते. काही लग्नं तर थेट कारखान्याच्या फाटकाशी, फडात लागतात. त्यांना ‘गेटकेन’ म्हणतात.

याच फडातून आणखी एक रीत निघाली, जी पन्नास वर्षांपूर्वी कुणाला सुचलीही नसती. एक दिवस कामावर आलं नाही की ‘खाडा’ आणि खाड्याचा दंड. पाळीच्या दिवसांचा, अंगावरून जाण्याचा, गर्भपिशवीच्या दुखण्याचा त्रास नको म्हणून बायका पिशवीच काढू लागल्या. २०१९मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. वस्तीवर बायका दाढ काढल्यासारखं ‘पिशवी काढली’ म्हणून सांगतात. ऐकणाऱ्या शेजारणीला त्यात नवल वाटत नाही, ही त्यातली सर्वांत भीतिदायक गोष्ट. नवी चाल रुजायला धर्मग्रंथ लागत नाही. एक दंड, एक डॉक्टर आणि एकमेकींकडे पाहणाऱ्या शंभर बायका पुरतात.

मग उलट दिशेने काय पुरतं?

चीनमध्ये मुलींचे पाय बांधून लहान ठेवण्याची चाल सुमारे हजार वर्षं टिकली. राजाज्ञांनी ती हलली नाही. १८७४मध्ये शियामेन शहरात एका मिशनऱ्याच्या पुढाकाराने आईबापांचं एक मंडळ निघालं आणि पुढे अशी मंडळं पसरली. त्यांची शपथ दुहेरी होती: आमच्या मुलीचे पाय बांधणार नाही, आणि आमच्या मुलाचं लग्न पाय बांधलेल्या मुलीशी करणार नाही. गेरी मॅकी या अमेरिकी अभ्यासकाने १९९६मध्ये दाखवलं की खरी कळ दुसऱ्या वाक्यात होती. एकट्या बापाने पाय बांधले नाहीत तर मुलगी बिनलग्नाची राहणार. पण ज्या घरांत आपसांत सोयरिकी होतात त्या घरांनी मिळून ठरवलं, तर कुणाचंच नुकसान होत नाही. एका पिढीत ती चाल संपली.

महाराष्ट्राला ही युक्ती अनोळखी नाही. १९४२नंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने कमी खर्चाची ‘गांधी लग्नं’ लावली तीही गावं मिळून. हेच नाना पाटील १९६७मध्ये कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधून लोकसभेवर निवडून आले. बीडने बाहेरच्या जिल्ह्यातल्या, धोतर-पटक्यातल्या त्या म्हाताऱ्याला जात न पाहता दिल्लीला पाठवलं होतं, हे आजच्या उमेदवारांना कुणीतरी सांगायला हवं. आणि अलीकडे, ४ मे २०२२ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला. तेरा दिवसांत राज्य सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींसमोर आदर्श म्हणून ठेवला. कुंकू लावलेल्या विधवेला एकटीला टोमणे सोसावे लागतात. गावाने सही केली की टोमणा मारणारा एकटा पडतो.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. बीडमध्ये सोयरिकी होतात त्या जातीत. म्हणजे चीनसारखी शपथ घ्यायची तर ती घेणारा समूह जातच ठरते. हुंडा आणि लग्नातली उधळपट्टी थांबवायला आजकाल समाजाच्या बैठका होतात, आचारसंहिता ठरतात. त्यांतून काही घरं कर्जातून वाचतील, पण पाटीवरून उतरवलेलं आडनाव त्याच बैठकीत व्यासपीठावर चढेल. ज्या समूहाला विसरायला सांगायचं, त्याच्याच हातून सुधारणा करून घ्यायची, असा हा पेच. जातीच्या बैठकीने केलेली सुधारणा नाकारू नये, पण तिच्यावर थांबूही नये. मुलीच्या लग्नाचं वय, खाडा, गर्भपिशवी, हंगामात गावात राहिलेल्या पोरींची राखण हे प्रश्न सगळ्या आडनावांचे आहेत आणि ते ठरवायची जागा ग्रामसभा आहे.

ग्रामसभेच्याही तारखा पाहायला हव्यात. २६ जानेवारीच्या सभेला अर्धं गाव सांगली-कोल्हापूरच्या फडात असतं. १ मेची सभा भर लगीनसराईत येते. तोवर जी लग्नं लागायची ती लागून गेलेली असतात. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, आणि मांडवात अक्षता पडत असताना एकट्याने जाऊन लग्न अडवणं त्याच्याकडून होत नाही. त्यालाही त्याच गावात उद्या कर वसूल करायचा असतो. टोळ्या निघण्याआधीची शेवटची सभा २ ऑक्टोबरची. त्या दिवशी आईबाप गावात असतात, मुकादम असतो, आणि हंगामी वसतिगृहात कोणाची मुलगी राहणार, कोणाची शाळेत जाणार, याची यादी नावानिशी वाचता येते. त्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. मुकादमांनी खाडा लावायचा नाही आणि अठराच्या आतल्या मुलीचा कोयता धरायचा नाही, हे दोन ठराव आधी बायकांनी करून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी मुख्य ग्रामसभेत मुकादमाला सगळ्यांसमोर उठून नाही म्हणावं लागेल.